हातगुण

त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाट्या वाचतो कोण? सगळे त्यांना बाणवाल्या बाई म्हणतात, कारण बाई दिवसभर बाण काढतात. फळ्यावर काढतात, वहीत काढतात, आणि एकदा तर डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीच्या मागे इतके बाण काढले की औषधवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून विचारलं, "यातलं नेमकं कुठलं द्यायचं?"

या बाणांमागे सबंध एक शास्त्र आहे, पण घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही. पेशीत जनुकं असतात, आणि ती एकमेकांच्या कामात सतत नाक खुपसतात. एक जनुक दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला बंद करतं, तिसरं उलट पहिल्याच्या मागे लागतं. चालू केलं तर टोकदार बाण, बंद केलं तर टोकाला आडवी रेघ. असं जाळं कागदावर उतरलं की बाई प्रत्येक बाणाचं एक समीकरण मांडतात: कोण किती तयार होतं, किती वेगाने नष्ट होतं, कोणाचं किती ऐकतं. मग संगणकाला सांगतात, चालव. तासाभराने पडद्यावर एक रेघ येते. त्या रेघेसाठी बाईंनी पक्की नोकरी सोडली होती.

आधी त्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या. एकोणीस वर्षं शिकवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी एक व्याख्यान ऐकायला म्हणून गेल्या आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला आता हेच करायचंय." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो दिवसभर लोकांना 'आता दिसतं का, आता दिसतं का' विचारणारा माणूस. त्याने बायकोकडे नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "कर. पण पोरींना तू समजावून सांग. मला ते जनुकबिनुक जमणार नाही." पोरी तेव्हा शाळेत होत्या. आता एक नोकरीला लागली आहे, दुसरी लागेल.

बाईंच्या वाट्याला आलं ते बियांचं काम. एका साध्या रानटी रोपाची बी, मोहरीपेक्षाही बारीक. ही बी ओलावा मिळाला म्हणून लगेच उगवत नाही. आधी तिला थंडी लागते. पुरेशी थंडी खाल्ली की मगच तिची झोप उडते. का? तर तिच्यात दोन जनुकं आहेत, एक निजवणारं आणि एक जागवणारं. एका घरात दोन जावा असाव्यात आणि दोघींनी एकमेकींचं तोंड बंद ठेवावं, तसा प्रकार. थंडीत निजवणारीचं प्रथिन हळूहळू नष्ट होत जातं. ते एका मर्यादेखाली गेलं की जागवणारीला कंठ फुटतो, आणि एकदा का ती बोलायला लागली की मग निजवणारीला परत डोकं वर काढू देत नाही. बी जागी होते ती कायमची.

चार वर्षांपूर्वी बाईंनी यावर शोधनिबंध लिहिला. तोवरचे प्रयोग सांगत होते की एका दिवसाच्या थंडीने काही होत नाही, तीन दिवसांनी बहुतेक बिया उगवतात. मधलं कोणी मोजलं नव्हतं. बाईंच्या गणिताने सांगितलं, पंचेचाळीस तास. त्याच्या आत झोप, त्याच्यापुढे जाग. निबंध छापून आला, दूरदूरच्या लोकांनी पत्रं पाठवली, आणि एकाने तर 'सुंदर' असा शब्द वापरला. बाईंनी ते पत्र छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. ठेवलं तर ठेवलं. पन्नाशीच्या माणसाला कोणी सुंदर म्हटलं तर ते जपायला नको?

मग पुढचं काम सुरू झालं, आणि त्यासाठी आली ट्रेवाली.

ट्रेवाली म्हणजे तळघरातल्या बियांच्या खोलीत काम करणारी. वय चौतीस, अंगाने किरकोळ, हात सतत ओले. एका ट्रेमध्ये मोजून शंभर बिया ती ओल्या कागदावर चिमट्याने एकेक करून मांडायची, ट्रे थंड खोलीत अठ्ठेचाळीस तास ठेवायची, बाहेर काढायची आणि कोंब मोजायची. पंचेचाळिसाला जाग येते म्हटल्यावर अठ्ठेचाळिसाला सगळ्या जाग्या हव्यात. तशा जाग्या झालेल्या बियांमध्ये जागवणारं जनुक किती जोरात चालू आहे ते मग मोजायचं होतं. पण शंभरातल्या वीसच उगवायच्या. कधी बावीस, कधी अठरा. उरलेल्या बिया ढिम्म.

एक महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. बाईंनी समीकरणं दोनदा तपासली. गणित चोख होतं. मागच्या उन्हाळ्यात वार्षिक अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा बाईंनी घाईघाईत एक ओळ लिहिली: 'अपेक्षित परिणाम न मिळण्याचं कारण ट्रेच्या हाताळणीतली असमानता हे असावं.' लिहिली आणि विसरल्या. अहवालात अशा ओळी असतातच, त्या कोणी वाचत नाही अशी बाईंची समजूत होती.

ट्रेवालीने वाचली होती. आणखी वर्षभर तिने ट्रे लावले, आणि एका सोमवारी सकाळी विभागप्रमुखांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. शुक्रवार शेवटचा दिवस.

बाईंना वाईट वाटलं. पण माणसं येतात, जातात. आणि खरं सांगायचं तर, पोटाच्या अगदी तळाशी, नवीन माणूस आल्यावर बिया उगवतील अशी एक आशाही त्यांना वाटून गेली. हे त्यांनीच नंतर मान्य केलं, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

त्या संस्थेत एक जुना नियम होता. सोडून जाणाऱ्या माणसाने आपली वही दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची. जाणाऱ्याने आकडा वाचायचा, राहणाऱ्याने आपल्याकडचा आकडा वाचायचा, जुळला की दोघांनी समासात टिक करायची. सगळ्यांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. बुधवारी दुपारी बाई तळघरात उतरल्या, सोबत प्रोग्रॅमचे छापलेले कागद घेऊन.

बियांच्या खोलीत एक लांब टेबल, दोन स्टुलं, भिंतीला लागून ट्रेंची चळत. थंड खोलीच्या दाराला खाली लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही, त्यामुळे दारावर तळाशी एक काळा डाग पडलेला. दोघी समोरासमोर बसल्या.

"कागद ओला करायला पाणी, आठ मिली," ट्रेवाली वाचायला लागली.

"आठ," बाई म्हणाल्या. टिक.

"थंड खोली, चार अंश."

"चार." टिक.

असं चाळीसेक आकडे झाले. बाईंना जांभई आली. ट्रेवालीचा आवाज बारीक होता, पण वाचणं अगदी स्वच्छ.

"निजवणारं प्रथिन, हे जुन्या वहीतून उतरवलेलं. चार अंशाला निम्मं उरायला वीस तास."

बाईंनी कागदावर बोट फिरवलं. "नष्ट होण्याचा दर, तासाला शून्य दशांश शून्य पाच. एक भागिले वीस. जुळलं." टिक.

ट्रेवालीने टिक केली नाही. पेन हातातच राहिलं. "बाई, एक विचारू? शून्य दशांश शून्य पाच म्हणजे दर तासाला पाच टक्के, ना?"

"हो."

"मग वीस तासांत शंभर टक्के झाले की. सगळंच संपायला हवं. निम्मं कसं उरतं?"

बाईंना हसू आलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना हजार वेळा विचारला गेला होता. त्यांनी समासात आकडे मांडायला घेतले. "अगं, तसं नसतं ते. पहिल्या तासाला शंभरातले पाच गेले, उरले पंच्याण्णव. दुसऱ्या तासाला पाच टक्के कशाचे? त्या पंच्याण्णवाचे. म्हणजे पाचापेक्षा थोडे कमी गेले. तिसऱ्या तासाला आणखी कमी. असं करत करत वीस तासांनी सगळं संपत नाही, उरतं..."

आणि पेन थांबलं. 'पन्नास' लिहायला निघालेल्या हाताने सदतीस लिहिलं होतं.

"किती उरतं?" ट्रेवालीने विचारलं.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या. "तू तोवर चहा घे." आणि कागद गोळा करून त्या उठल्या.

बाई दोन-दोन पायऱ्या घेत जिना चढल्या. तिसऱ्या मजल्यावर येऊन त्यांनी दार लावलं आणि प्रोग्रॅम उघडला. गोष्ट लाजिरवाणी म्हणावी इतकी साधी होती. निम्मं उरायला वीस तास लागत असतील तर दर काढताना एकाला नाही, शून्य दशांश एकोणसत्तरला विसाने भागायचं असतं. कॉलेजात बाईंनी हेच शिकवलं होतं. जे पोर एकोणसत्तर विसरेल त्याचे त्या दोन गुण कापायच्या, वर ऐकवायच्या, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" आणि स्वतः चार वर्षांपूर्वी तळघरातल्या जुन्या वहीतला 'वीस' उचलताना त्याच्या मागचं 'निम्मं उरायला' वाचायचं राहून गेलं होतं. समीकरणं दोनदा तपासली तेव्हा समीकरणंच तपासली. त्यात घातलेला आकडा तपासावा असं डोक्यात आलं नाही.

त्यांनी आकडा बदलला आणि चालव म्हटलं. यावेळी तास लागला नाही, दहा मिनिटांत रेघ आली. झोप मोडायची वेळ पंचेचाळीस तास नव्हती. पासष्ट होती.

म्हणजे अठ्ठेचाळीस तासांनी बिया झोपलेल्याच असायला हव्यात. चार-दोन हलक्या झोपेच्या उठतील, शंभरात वीसएक.

पुढची दहा मिनिटं बाई खुर्चीत बसून राहिल्या. खोटं कशाला सांगा, त्या दहा मिनिटांत त्यांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. शुक्रवारी ती जाणार. नवीन माणूस येईल, त्याला सांगायचं, अठ्ठेचाळीस नको, बहात्तर लाव. वर्षभराने 'सुधारित अंदाज' म्हणून एक छोटा निबंध. कोणाला कळणार? काचेखालच्या पत्राकडे त्यांचं लक्ष गेलं. छापून आलेला आकडा चुकला म्हणजे निबंध मागे घ्यावा लागेल का? लोक म्हणतील, कॉलेजातली मास्तरीण, तिला हे झेपणार होतं का? आणि हे सगळं या वयात.

कुठे कुठे दुरुस्ती करावी लागेल ते बघायला म्हणून त्यांनी मागचा अहवाल उघडला आणि ती ओळ समोर आली. हाताळणीतली असमानता. हाताळणी म्हणजे कोणाचे हात? तळघरात तर एकाच माणसाचे हात होते. आपल्या चुकीचं खापर आपण त्या पोरीच्या हातांवर फोडलं, आणि ती नोकरी सोडून चालली आहे, हे बाईंना तेव्हा उमगलं. मग मात्र त्यांना बसवेना. नवी रेघ छापून घेतली, प्रोग्रॅमचे कागद उचलले आणि लिफ्टची वाट न बघता त्या चार मजले धावतच उतरल्या.

ट्रेवाली ट्रेंवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढत होती. बाई दारातच उभ्या राहिल्या, धाप लागलेली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"सगळी. तुझ्या बिया बरोबर होत्या. अठ्ठेचाळीस तासांत त्या उगवणारच नव्हत्या. मी दर चुकीचा घातला. वीस तासांनी निम्मं उरायला हवं आणि माझ्या गणितात सदतीसच उरत होतं. तू मघाशी विचारलंस म्हणून सापडलं. खरी वेळ पासष्ट तास आहे."

ट्रेवाली पालथ्या बादलीवर बसली. नखात अडकलेला चिठ्ठीचा कपटा काढायला लागली.

"दोन वर्षं?" ती म्हणाली.

"दोन वर्षं."

"बाई, मी साबण बदलला." तिचा आवाज चढायला लागला. "तीन वेळा बदलला. हातमोजे बदलले. डोक्याला तेल लावायचं बंद केलं, वाटलं तेलाचा हात लागत असेल. माझी आई रोपं विकते. तिने वाळकी काटकी खोचली तरी पालवी फुटते, लोक मुद्दाम तिच्या हातचं रोप न्यायला येतात. आणि तिची मुलगी मी! दर रविवारी ती फोनवर विचारते, आले का गं कोंब? काय सांगणार? तुमचं गणित चुकेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. अहवालातली ती ओळ वाचली तेव्हा म्हटलं, खरंच, माझ्याच हाताला गुण नाही."

"मला तर तुझा हात चुकेल असं चटकन सुचलं," त्या म्हणाल्या. "त्याचीच मला लाज वाटते."

ट्रेवालीने बाहीने नाक पुसलं. आणि एकदम मान वर केली. "थांबा. पासष्ट म्हणालात?"

ती उठली, बियांच्या डब्यांमागे हात घालून तिने एक पातळ वही काढली. वहीला नाव नव्हतं. "हे माझे फसलेले ट्रे. कधी थंड खोलीची किल्ली मिळाली नाही, कधी मी आजारी, कधी दारच उघडेना. अठ्ठेचाळीस तासांना बाहेर काढायचे राहून गेले. वेळ पाळली नाही म्हणजे ट्रे बाद, म्हणून मोठ्या वहीत घातले नाहीत. पण मोजले होते. फेकून द्यायला जीव झाला नाही."

"किती आहेत?"

"एकतीस."

बाईंनी प्रोग्रॅमचा एक कागद पालथा केला, आडवी-उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, "वाच."

"बावन्न तास, बावीस."

बाईंनी ठिपका दिला.

"सत्तावन्न तास, अठ्ठावीस. एकसष्ट, सदतीस. चौसष्ट, अठ्ठेचाळीस. सहासष्ट, साठ."

बाईंचे ठिपके वर चढायला लागले होते.

"सत्तर तास, चौऱ्याऐंशी. हा जोडून सुट्ट्या आल्या होत्या तेव्हाचा. मला वाटलं होतं मोजण्यात चुकले असेन."

"चुकली नव्हतीस," बाई म्हणाल्या. एकतीस ठिपके पडले. बाईंनी वरून छापून आणलेली रेघ त्यांच्यावर ठेवून उजेडात धरली. पासष्टाच्या पायरीवर ठिपके जिथे चढायला हवे होते तिथेच चढले होते, दोन-तीन उनाड सोडले तर. बाईंचा जीव भांड्यात पडला. गणित मोडलं नव्हतं, एका आकड्याने रुसलं होतं. आणि त्याची साक्ष द्यायला जगात एकच वही होती, ती बादलीवर बसणाऱ्या या पोरीने लाजेखातर डब्यांमागे लपवलेली.

दोघी हसायला लागल्या. का हसतोय ते दोघींनाही सांगता आलं नसतं. वरच्या मजल्यावरचा कोणी तरी काय झालं म्हणून दारात डोकावला आणि आला तसा परत गेला.

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, मी चुकले."

तो काच पुसत होता, थांबला. "पुन्हा म्हण. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय, तारीख लिहून ठेवतो."

"चेष्टा नको. छापून आलेलं चुकलंय."

"मग आता?"

"दुरुस्ती छापायची."

"एवढंच ना? मी रोज चार चष्मे दुरुस्त करतो, लोक तरीही माझ्याकडेच येतात," तो म्हणाला आणि पुन्हा काच पुसायला लागला. त्या दिवशी बाई दोन घास जास्त जेवल्या.

गुरुवारी विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. ते फार बोलणारे नव्हते. "निष्कर्ष बदलतो?" त्यांनी विचारलं.

"दोन जनुकांची गोष्ट तीच राहते. पंचेचाळिसाचे पासष्ट होतात. आणि अहवालातली एक ओळ खोटी ठरते."

"ओळ कोण वाचतं, बाई?"

"जिच्याबद्दल होती तिने वाचली," बाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी ड्रॉवर उघडला, राजीनामा बाहेर काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "तिला विचारून घ्या." बाईंनी दुरुस्तीचं पत्र तिथेच बसून पुरं केलं. आकड्याची चूक गणित करणारीची, असं त्यात स्वच्छ लिहिलं. ट्रेची हाताळणी दोन वर्षं निर्दोष होती आणि अहवालातली ओळ आम्ही मागे घेतो, असंही लिहिलं. एकतीस ट्रेंचा तक्ता जोडला. वर नावं दोन टाकली, त्यात ट्रेवालीचं पहिलं.

शुक्रवारी दुपारी ते पत्र आणि राजीनामा, दोन्ही घेऊन बाई तळघरात गेल्या. ट्रेवालीने पत्र उभ्यानेच वाचलं. 'निर्दोष' या शब्दापाशी ती थांबली, पुन्हा मागे जाऊन वाचलं. राजीनाम्याची तिने चौपदरी घडी केली आणि खिशात टाकली. मग फोन लावला.

"आई, ऐक ना. नाही गं, रविवार नाही, असाच केलाय. कोंब? नाही आले. येणारच नव्हते. आम्ही वेळच कमी देत होतो त्यांना. माझं काही चुकलं नव्हतं. हो, खरंच. इथे लिहून दिलंय तसं." मग ती नुसती ऐकत राहिली, आणि थोड्या वेळाने फोन बाईंपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

बाईंनी फोन घेतला. विभागप्रमुखांपुढे वाटली नव्हती ती भीती इथे वाटली. "नमस्कार," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच का त्या गणितवाल्या?" पलीकडचा आवाज खणखणीत होता.

"हो. चूक माझी होती. तुमच्या मुलीला उगाच..."

"दोन वर्षं पोरगी हात धुऊन धुऊन सोलून घेत होती. सुट्टीला आली की माझ्या रोपांना हात लावायची नाही, म्हणायची मरतील."

बाईंचं लक्ष ट्रेवालीच्या सोललेल्या बोटांकडे गेलं.

"तिचा हात चांगला आहे हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल," आवाज जरा खाली आला. "पण आई काय, म्हणणारच. तुम्ही म्हणालात तेव्हा पटलं तिला. सांगितलंत ते बरं केलंत." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "आता तिला आजच्या दिवस घरी पाठवा. झोपू दे पोटभर."

"पाठवते," बाई म्हणाल्या.

ट्रेवाली तीन वाजता घरी गेली. बाईंनी तिच्या स्टुलावर बसून चिमटा उचलला आणि सोमवारच्या ट्रेसाठी शंभर बिया मांडायला घेतल्या. त्यांना तासभर लागला, आणि त्यातल्या सात खाली सांडल्या.